मम्टीतला पंखा

दिल्लीकडे गच्चीवर जिना जिथे संपतो तिथल्या खोलीला मम्टी म्हणतात. पाण्याच्या पाइपांचं जाळं, केबलवाल्यांचे डबे, कोणीतरी आणून टाकलेल्या मोडक्या खुर्च्या आणि कबुतरं असा तिचा संसार. नोएडातल्या एका उंच इमारतीच्या मम्टीत याच्या जोडीला एक लोखंडी कपाटही आहे. त्यात आमच्या हॅम मंडळींचा रिपीटर चालतो. वर एकावर एक दोन वायरलेस सेट, तळाशी ट्यूब्युलर बॅटरी, शेजारी भिंतीला उभ्या केलेल्या ड्युप्लेक्सरच्या जाड नळ्या, आणि छतातल्या भोकातून अँटेनाकडे गेलेली अंगठ्याएवढी काळी केबल. त्या कपाटाच्या मागच्या बाजूला एक पंखा आहे, १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा. रिपीटरबद्दल लोक विचारतात तेव्हा अँटेना किती उंच आहे, आवाज कुठवर जातो, हे विचारतात. पंख्याबद्दल कोणी विचारत नाही. पण या यंत्रात फिरणारा भाग तेवढा एकच. बाकी सगळं जागच्या जागी बसून काम करतं. फिरणारी वस्तू झिजते, म्हणून या कपाटात सर्वांत आधी मरण्याची शक्यता पंख्याचीच, आणि तो गेला की त्याच्यामागून जाण्याची पाळी ट्रान्समीटरची.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा द्यायची, दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाचा परवाना घ्यायचा आणि मिळालेल्या कॉलसाइनने हवेवर बोलायचं. हातातल्या पाच वॅटच्या सेटचा आवाज दिल्लीच्या इमारतींच्या गर्दीत फार लांब जात नाही. रिपीटर उंचावर बसून तो आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी, ६०० किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, मोठ्या शक्तीने पुन्हा सोडतो. गुरुग्रामचा माणूस गाझियाबादच्या माणसाशी बोलतो तो याच्या खांद्यावरून. मध्ये कोणतीही कंपनी नाही, बिल नाही, टॉवर भाड्याने घेतलेला नाही. वर्गणी काढायची आणि आळीपाळीने गच्चीवर चढायचं. मला या गोष्टीचं अप्रूप इतक्या वर्षांनीही कमी झालेलं नाही.

आता उष्णतेचा हिशेब. आमचा ट्रान्समीटर अँटेनाला २५ वॅट देतो. त्यासाठी तो १३.८ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर ओढतो, म्हणजे ८३ वॅट. पंचवीस हवेत गेले, उरलेले ५८ कपाटातच राहिले. जुना साठचा पिवळा बल्ब बंद कपाटात लावून ठेवावा तशी ही गत. त्यात हा सेट मुळात गाडीत बसवायला केलेला. गाडीतला माणूस चार वाक्यं बोलतो आणि मग ऐकत बसतो, तेवढ्यात सेट निवतो. रिपीटरला ती उसंत नाही. माझं बोलणं संपलं की समोरच्याचं सुरू होतं, आणि ट्रान्समीटर दोघांच्याही वेळी चालूच असतो. सकाळच्या नेटला, म्हणजे हवेवरच्या ठरलेल्या बैठकीला, आठ-दहा जण जमले की तासभर त्याला श्वास घ्यायला मिळत नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर दहा अंशांनी जास्त तापत राहिला की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना तोंडपाठ असलेलं गणित. शेजारच्या ड्युप्लेक्सरलाही उष्णता सोसत नाही. धातू प्रसरण पावतो, नळ्यांची आतली लांबी केसभर बदलते आणि जुळवलेल्या फ्रिक्वेन्सी सरकतात. म्हणून पंखा हवाच. प्रश्न उरतो तो कधी लावायचा आणि कधी थांबवायचा, एवढाच.

सर्वांत सोपं उत्तर म्हणजे कायम चालू ठेवायचा. पुष्कळ ठिकाणी तेच करतात, आणि स्वच्छ हवेच्या डोंगरावर रिपीटर असेल तर त्यात वावगं काही नाही. दिल्लीची हवा मात्र वेगळी. मे-जूनमध्ये राजस्थानाकडून आंधी येते तेव्हा दुपारी चारला दिवे लावावे लागतात आणि दारं-खिडक्या घट्ट लावूनही टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. बांधकामांची सिमेंटची धूळ बारमाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेतातल्या पराळीचा धूर, त्यावर दिवाळीचे फटाके, त्यावर हिवाळ्यातलं धुकं. अशा हवेत कायम चालणारा पंखा वर्षभर काय करतो, ते कपाट उघडल्यावर दिसतं.

पात्यांची पुढची कड आधी पाहायची. तिच्यावर राखाडी धुळीचा बारीक कंगोरा चढलेला असतो, पात्यापात्यावर कमीजास्त, त्यामुळे पंख्याचा तोल जातो आणि तो किंचित घरघरतो. मग हीटसिंक. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमधल्या फटीत धूळ नुसती बसत नाही, दाबली जाते. वरचा थर पिठासारखा सैल, खालचा काळा आणि चिकट, त्यात कबुतरांच्या पिसांची लव गुंतलेली. ब्रश चालत नाही, बांबूची काडी घालून खरवडावं लागतं आणि त्याची अखंड पट्टी निघून येते. फट बंद झाली की पंखा कितीही फिरला तरी हवा पट्ट्यांच्या मधून जात नाही, वरून निघून जाते. यंत्राला गार ठेवायला आणलेल्या पंख्याने जमवलेली धूळच मग उष्णता आत कोंडून धरते. हिवाळ्यात तर त्या काजळीवर धुक्याचा ओलावा बसतो आणि सर्किट बोर्डावर, जिथे वीज जाऊ नये तिथून, ती थोडीथोडी झिरपू लागते.

आमच्या क्लबातले एक ज्येष्ठ, वायुदलात सिग्नल्समध्ये आयुष्य काढलेले, पहिल्यांदा हे पाहून म्हणाले होते, "भाई, जितनी देर पंखा चलेगा, उतनी देर दिल्ली अंदर आएगी." माझ्या मनात पंख्याचं सगळं शास्त्र त्या वाक्याभोवती उभं राहिलं. इथे पंख्याचं प्रत्येक मिनिट खर्चाचं आहे. गारव्यासाठी ते मोजावं लागतं हे कबूल, पण ज्या मिनिटात गारवा मिळत नाही ते वाया घालवू नये.

पुढची पायरी म्हणजे पंखा पीटीटीला, म्हणजे ट्रान्समीटर चालू करणाऱ्या तारेला, जोडायचा. ट्रान्समीटर चालू झाला की पंखा चालू, बंद झाल्यावर ५५५ टायमरने आणखी तीन मिनिटं. ट्रान्झिस्टर, टायमर आणि एक डायोड, एवढ्यात काम होतं. पण रिपीटरवर दिवसभर काय चालतं ते ऐकलं की यातला तोटा कळतो. घरातून निघताना, फ्लायओव्हरवर चढल्यावर, नवीन अँटेना लावल्यावर, लोक नुसतं बटण दाबून सोडतात. रिपीटर जागा आहे ना, बटण सोडल्यावर क्षणभर रेंगाळणारी त्याची शेपटी ऐकू येते ना, एवढंच पाहायचं असतं. त्या दोन सेकंदांत हीटसिंकला उष्णतेची चाहूलही लागत नाही, पण पंखा मात्र तीन मिनिटं धूळ ओढतो.

तेव्हा उष्णताच मोजू या, असं ठरलं. हीटसिंकवर बटणाएवढा बायमेटल स्विच चिकटवायचा, पंचेचाळीस अंशांना आतली चकती टक्कन उलटते आणि पंखा लागतो. लजपतराय मार्केटात हे स्विच सहज मिळतात. तिथल्या अरुंद गल्ल्यांत पंखे घ्यायला जाणं हा एक वेगळाच आनंद आहे. दुकानदार पंखा कानाशी धरतो, बोटाने पातं फिरवतो आणि बॉल बेअरिंग आहे की साधा बुश ते ऐकून सांगतो. बुशातलं वंगण उष्णतेने वाळतं, त्यामुळे आमच्या मम्टीला बॉल बेअरिंगच हवं. टेलिकॉमच्या भंगारातून आलेले उत्तम, जड पंखेही तिथे ढिगाने असतात, पण ते बहुतेक ४८ व्होल्टचे. १२ वर जागचे हलत नाहीत.

बायमेटल स्विच ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत शहाण्यासारखा वागतो. मे उजाडला की सगळं बिघडतं. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो, मम्टीचं दार पत्र्याचं, आणि आतल्या हवेचंच तापमान पंचेचाळीसच्या वर जातं. पंखा सकाळी अकराच्या सुमारास लागतो तो रात्री उशिरापर्यंत थांबत नाही, मग दिवसभरात रिपीटरवर कोणी अवाक्षर बोललेलं असो वा नसो. शेहेचाळीस अंशांच्या हीटसिंकवरून शेहेचाळीस अंशांची हवा फिरत राहते. त्यातून गारवा शून्य, आणि आंधीच्या ऐन दिवसांत धूळ मात्र सर्वांत जास्त. स्विच साठ अंशांचा घ्यावा, तर हिवाळ्यात चांगली गार हवा हाताशी असताना यंत्र साठपर्यंत उगाच भाजून निघणार. दिल्लीत उन्हाळ्याचा पारा आणि हिवाळ्याचा पारा यांत चाळीसहून अधिक अंशांचं अंतर. सफदरजंगला १ जानेवारी २०२१ रोजी १.१ अंश होते आणि २९ मे २०२४ रोजी ४६.८. दोन्हींना पुरणारा एकच आकडा सापडणं अवघड.

मार्ग निघाला तो दोन तापमानांतला फरक मोजण्यात. हीटसिंकवर एक थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा रेझिस्टर, आत येणाऱ्या हवेत दुसरा. दोन्ही सारखे, पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये एकापुढे एक जोडलेले. दोघे समान तापलेले असले, मग ते दहा अंश असोत वा अठ्ठेचाळीस, मधल्या बिंदूवर अडीच व्होल्ट मिळतात. हीटसिंक हवेपेक्षा आठ अंशांनी वर गेला की तो बिंदू साधारण ०.४ व्होल्टने सरकतो. कम्पॅरेटर ते पाहतो आणि पंखा लावतो. फरक तीन अंशांवर उतरला की थांबवतो. आठ आणि तीन यांच्यामधली ही सवलत नसती तर पंखा उंबरठ्यावर उभा राहून चालू-बंद, चालू-बंद करत बसला असता. हिवाळ्यासाठी आणखी एक अट हवी. पाच अंशांच्या पहाटे हीटसिंक पंचवीसवर गेला तर फरक वीसचा पडतो, पण पंचवीस अंशांना ट्रान्समीटर अगदी मजेत असतो, त्या धुक्याला आत बोलवायची काही गरज नाही. म्हणून दुसरी अट अशी की हीटसिंक चाळीसच्या वर असला तरच पंखा लागावा. एलएम३९३ या आठ पायांच्या आयसीत दोन कम्पॅरेटर असतात आणि त्यांची आउटपुट एकत्र बांधली की दोघांचीही संमती असल्याशिवाय काही होत नाही. दोन अटी, एक आयसी, मूठभर रेझिस्टर. हे सर्किट पहिल्यांदा डोळ्यांपुढे पूर्ण उभं राहिलं तेव्हा मला जो आनंद झाला तो एखादी चीज सम गाठून बसल्यावर होतो त्या जातीचा होता.

एवढ्या कामाला मायक्रोकंट्रोलर का नाही लावला, असं तरुण मंडळी विचारतात. त्यांचं बरोबर आहे, कोड लिहून हे दहा ओळींत होईल. पण त्या कपाटात एक अतिशय तीक्ष्ण कान बसलेला आहे. आमचा रिसीव्हर पाव मायक्रोव्होल्टचा संकेत ऐकतो. त्याच्या शेजारचा ट्रान्समीटर पन्नास ओहमच्या केबलवर ३५ व्होल्ट चढवतो. दोन्हींचं गुणोत्तर चौदा कोटींचं. या दोघांना एकाच अँटेनावर, एकाच वेळी नांदवणं हे ड्युप्लेक्सरचं काम, आणि ते इतकं नाजूक आहे की आसपासची कोणतीही कुजबुज तिथे गोंगाट ठरते. नेहमीच्या अर्डुइनो बोर्डवरचा क्रिस्टल १६ मेगाहर्ट्झचा, त्याची नऊपट बरोबर १४४, म्हणजे आमच्या दोन मीटर बँडच्या दारातच. पंख्याचा वेग कमीजास्त करायला जे पीडब्ल्यूएम वापरतात त्यातही वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते आणि पंख्याची लांब वायर त्याची अँटेना होते. लांबच्या, क्षीण संकेतामागे एक बारीक चरचर ऐकू येऊ लागते. मेरठच्या बाजूने कसाबसा पोचणारा एखादा आवाज त्या चरचरीत बुडाला तर पंखा कितीही हुशार असून काय उपयोग? आमचा पंखा म्हणून एक तर पूर्ण चालतो किंवा पूर्ण थांबतो.

थर्मिस्टर कुठे बसवावा यावर आम्ही जेवढे वाद घातले तेवढे बाकी सर्किटवर घातले नाहीत. हवेचा थर्मिस्टर कपाटाच्या पत्र्याला टेकला तर पत्र्याचं तापमान सांगतो, बॅटरीच्या वर टांगला तर बॅटरीचं, झरोक्यासमोर ठेवला तर दुपारी तीनला त्यावर ऊन येतं. २०२४ च्या मेमध्ये सगळ्या देशाने हाच वाद पाहिला. २९ मे रोजी दिल्लीच्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि देशातला उच्चांक म्हणून बातम्या झाल्या. हवामान खात्याने नंतर प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून पडताळलं, तेव्हा ते केंद्र सुमारे तीन अंश जास्त सांगत असल्याचं निघालं. त्याच आठवड्यात नागपुरातल्या कृषी विद्यापीठाच्या शेतावरचं केंद्र ५६ पर्यंत गेलं, तेही सेन्सरच्या बिघाडाने. आमच्या सर्किटात तीन अंश म्हणजे पंखा थांबायची पूर्ण मर्यादा. दोन थर्मिस्टर एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून, मीटरवर जुळणारी जोडी निवडून घ्यायची, हा आमचा नियम त्यापुढे आणखी कडक झाला.

हीटसिंकवरच्या थर्मिस्टरची वायर तुटली तर काय, हा खरा काळजीचा प्रश्न. तुटलेला थर्मिस्टर कम्पॅरेटरला अतिशय गार भासतो. यंत्र जळत असताना सर्किट समजतं की सगळं थंड आहे. म्हणून जुना बायमेटल स्विच आम्ही काढला नाही. पासष्ट अंशांचा एक स्विच हीटसिंकवर आहे आणि तो कम्पॅरेटरला न विचारता पंख्याला सरळ वीज देतो. पंख्याची तिसरी वायर दर फेऱ्याला दोन ठोके देते. वीज मिळूनही ठोके आले नाहीत तर पंखा अडकला असं समजून ट्रान्समीटर २५ वॅटवरून ५ वर उतरतो. लांबचे लोक तुटतात, पण रिपीटर जिवंत राहतो.

एवढा खटाटोप ज्या वेळेसाठी करायचा ती वेळ रोज येत नाही. डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद अंदमानात हॅम रेडिओची मोहीम घेऊन गेल्या होत्या. जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचं, एवढाच हेतू. २६ तारखेला त्सुनामी आली आणि फोन बंद पडले, तेव्हा त्यांच्याच चमूने पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवायला सुरुवात केली. त्यांची यंत्रं रिपीटर नव्हती, शॉर्टवेव्हवर थेट मुख्य भूमीशी बोलणारी होती. पण यंत्रावर येणारा ताण त्याच जातीचा: अखंड बोलणं, वीज नाही, बॅटरी मोजून वापरायची. दिल्ली भूकंपाच्या चौथ्या क्षेत्रात येते. आमच्या पंख्याला ०.२ अँपिअर लागतात. दिवसभर चालला तर जवळपास पाच अँपिअर-तास. वीज गेलेली असताना तेवढ्यात पाऊण तासाहून जास्त बोलणं होतं. विनाकारण फिरणारा पंखा कोणाचा तरी निरोप खातो.

१७ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी धौला कुआँजवळ चार तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र अगदी पायाखाली आणि जेमतेम पाच किलोमीटर खोल, त्यामुळे आवाजासकट जाणवला. फोन चालू होते, पडझड नव्हती, पण लोक आपसूक रिपीटरवर आले. द्वारकेतून, रोहिणीतून, फरीदाबादहून, एकामागून एक कॉलसाइन. तुमच्याकडे काय, आमच्याकडे ठीक, अमुक एकटे राहतात त्यांचा आवाज कोणी ऐकला का? ज्यांना एरवी महिनोन्‌महिने कोणी ऐकलेलं नसतं तेही बोलले. मी खाली अंगणात शेजाऱ्यांबरोबर, हातात सेट धरून ऐकत होतो. उजाडल्यावर जिन्याने वर गेलो. मम्टीत थंडी होती, ट्रान्समीटरचा लाल दिवा जळत होता आणि पंखा फिरत होता. हीटसिंकवर तळवा ठेवला. गरम लागला, पण चटका बसण्याइतका नाही. मी तिथे उभा असतानाच बोलण्यात थोडा खंड पडला, पंखा थांबला, आणि पुन्हा कोणीतरी बोलू लागल्यावर बराच वेळ तसाच थांबलेला राहिला, कारण त्याची गरज नव्हती.

आमच्याकडे अंतराळातला रिपीटरही होऊन गेला. ५ मे २००५ रोजी इस्रोने पीएसएलव्हीवरून हॅमसॅट सोडला आणि तो २०१४ पर्यंत चालला. तिथे हवाच नाही, म्हणून पंखाही नाही. सगळी उष्णता बाहेरच्या काळोखात किरणांनी सोडायची. त्याच्या अभियंत्यांना धुळीची चिंता नव्हती, याचा मला मे महिन्यात हेवा वाटतो.

यंदा पराळीच्या आधी दोन कामं करायची आहेत. पंखा सध्या हवा बाहेर फेकतो, त्यामुळे कपाटाच्या फटीफटीतून धूळ आत खेचली जाते. तो उलटा बसवून एसीच्या फिल्टरच्या कापडातून हवा आत ढकलायची, म्हणजे कपाटात बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब राहील आणि फटींतून हवा बाहेर निघेल. कापडामुळे झोत कमी होणार, तेव्हा आठ अंशांची मर्यादा सहावर आणावी लागेल का, ते अँटेनाऐवजी डमी लोड लावून अर्धा तास ट्रान्समीटर दाबून पाहायचं. दुसरं, हवेच्या थर्मिस्टरची जागा. कापडाच्या बाहेर की आत, यावर ज्येष्ठांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. ते म्हणतात आत, कारण हीटसिंकला भेटणारी हवा तीच. मी म्हणतो बाहेर, कारण कापड भरत आलं की दोन्हींतला फरक वाढेल आणि पंखा जास्त वेळ चालून तेच आम्हाला सांगेल. रविवारच्या नेटनंतर दोन्ही ठिकाणी एकेक लावून पाहणार आहोत.